मिळकत कोणाची?

१९२१ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं हिंदुस्थानातल्या एका अपिलाचा निकाल दिला. गोकलचंद विरुद्ध हुकुमचंद-नाथमल. एकत्र कुटुंबातला एक मुलगा कुटुंबाच्या सामाईक पैशावर शिकला आणि आयसीएस झाला. आता त्याची कमाई त्याची एकट्याची, की साऱ्या कुटुंबाची? न्यायाधीशांनी सांगितलं, कुटुंबाची.

आज हे ऐकून कुणीही चमकेल. अभ्यास त्यानं केला, परीक्षा त्यानं दिली, नोकरी तो करतो, आणि वाटा मात्र ओसरीवर बसलेल्या भावालाही? पण न्यायाधीशांना मेहनतीची किंमत कळत नव्हती असं नाही. त्यांनी मेहनतीच्या आधीचा प्रश्न विचारला होता: अभ्यासाला बसण्याची सोय कोणाच्या तिजोरीतून झाली? हिंदू कायद्यात हा वाद जुनाच. स्मृतिकारांनी विद्याधन वेगळं काढलं होतं, पण वडिलोपार्जित धनाला धक्का न लावता मिळवलेलं असेल तरच. इंग्रजी अमलातल्या न्यायालयांनी त्यात आणखी एक भेद पाडला. साध्या लिहिण्या-वाचण्यापुरता खर्च घरानं केला असेल, तर पुढची कमाई शिकणाऱ्याची. खास धंदेशिक्षणावर घरानं पैसा ओतला असेल, तर कमाई सामाईक.

ही गुंतागुंत १९३० साली संपली. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या पुढाकारानं ‘हिंदू गेन्स ऑफ लर्निंग ॲक्ट’ आला. (पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले ते हेच जयकर.) कायदा जेमतेम पानभर, पण अर्थ मोठा: शिक्षणाचा खर्च कोणीही केलेला असो, विद्येच्या जोरावर मिळवलेलं धन शिकणाऱ्याचं स्वतःचं. जयकरांचं बरोबरच होतं. एकानं राबावं आणि बाकीच्यांनी हिस्सा मागावा, या व्यवस्थेत कर्तबगार माणूस कुटुंबाचा कायमचा वेठबिगार होतो. त्या वेळी मला मत असतं, तर मीही कायद्याच्या बाजूनंच हात वर केला असता.

माझी तक्रार कायद्याशी नाही, त्याच्यासोबत रुळलेल्या मनोवृत्तीशी आहे. कायद्यानं भावांचं देणं माफ केलं. आपण सगळ्यांचंच माफ करून घेतलं. यशस्वी माणसाला आता कोणी हिशेब मागत नाही आणि तोही कोणाला देत नाही. विचारलं तर एका शब्दात उत्तर येतं: मेहनत.

मालमत्तेच्या दाव्यांत मात्र एक जुनी कसोटी अजून चालते. एकत्र कुटुंबातल्या माणसानं घेतलेलं शेत स्वकष्टार्जित की सामाईक, असा वाद कोर्टात गेला की आधी पाहिलं जातं ते कुटुंबाजवळच्या मूळ पुंजीकडे. ते शेत घेता येईल इतकं उत्पन्न देणारी पुंजी घरात होती, असं एकदा शाबीत झालं की ओझं दुसऱ्या बाजूला जातं. मग ‘हे मी माझ्या कष्टानं घेतलं’ असं म्हणणाऱ्यालाच ते सिद्ध करावं लागतं. ही कसोटी मला फार शहाणी वाटते. ती कष्टांची चेष्टा करत नाही आणि नुसत्या छातीठोक सांगण्यावर विश्वासही ठेवत नाही. हीच कसोटी शेतजमिनीऐवजी यशाला लावून पाहू.

दहावीचा निकाल लागला, एमपीएससीची यादी आली की आपल्याकडे सत्कारांचा हंगाम सुरू होतो. चौकाचौकात फ्लेक्स, शाल, श्रीफळ, पेढे. वर्तमानपत्रांत मथळे येतात: शेतमजुराचा मुलगा फौजदार, रिक्षाचालकाची मुलगी उपजिल्हाधिकारी, प्रतिकूल परिस्थितीवर मात. हे मथळे खोटे नसतात आणि त्या घरांतला आनंद तर शंभर टक्के खरा असतो. पण त्याच यादीत प्राध्यापकाचा मुलगा असतो, तहसीलदाराची मुलगी असते. ‘अनुकूल परिस्थितीचा पुरेपूर लाभ घेऊन यश’ असा मथळा मी तरी आजवर वाचलेला नाही. परिस्थिती ही फक्त गरिबाला असते, बाकीच्यांना नुसती गुणवत्ता असते, असा हा हिशेब आहे.

पुण्याच्या सदाशिव पेठेत, नारायण पेठेत, शास्त्री रस्त्यावर फिरलं की यशाची पुंजी कशी काम करते ते उघड्या डोळ्यांनी दिसतं. जुन्या वाड्यांच्या माड्यांवर अभ्यासिका आहेत. प्लायवुडच्या फळ्या लावलेल्या खुर्च्यांवर मराठवाडा, खानदेश, विदर्भ सकाळी सहापासून बसलेला असतो. खोलीत चौघंजण, मेसचा डबा, झेरॉक्सच्या नोट्स. खोली, मेस, अभ्यासिका मिळून महिन्याला दहा-बारा हजार तरी लागतात, क्लासची फी वेगळी. मेहनतीच्या बाबतीत इथे कोणीही कोणाला हार जाणार नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला देशभरातून दरवर्षी दहा लाखांच्या आसपास अर्ज जातात आणि शेवटी निवड होते ती हजाराच्या आसपास उमेदवारांची. एवढी अरुंद फट असते, तेव्हा पहिल्या फटक्यात न लागणं हाच नियम ठरतो. आयोग खुल्या गटातल्या उमेदवाराला सहा वेळा परीक्षा देऊ देतो, इतर मागासवर्गीयांना नऊ वेळा. पण घर किती वेळा देऊ देतं?

सगळी मेख इथे आहे. आयोगाचे प्रयत्न एका गटातल्या सर्वांना सारखे. घरचे प्रयत्न सारखे नाहीत. ज्याचे वडील सरकारी नोकरीत आहेत, त्याला नापास होणं परवडतं. ज्याच्या घरी बहिणीचं लग्न, सोसायटीचं कर्ज आणि दोन वर्षं गेलेलं सोयाबीन आहे, त्याला दुसऱ्या पूर्वपरीक्षेनंतर गावाकडून फोन येतो: ‘बाळा, आता बघ काहीतरी.’ चौथ्या प्रयत्नात अधिकारी झालेल्याची चिकाटी आपण भाषणांत सांगतो. दुसऱ्यानंतर परतलेल्याला चिकाटी नव्हती, असं कोण म्हणेल? त्याची मुदत संपली, एवढंच. वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंगला, कारखाना, आमदारकी येते. नापास होण्याची परवानगी हा त्याहून मोठा वारसा आहे आणि तो कुठल्याही सातबाऱ्यावर चढत नाही.

असे न दिसणारे वारसे पुष्कळ. नॉन-क्रीमी लेयरचा दाखला कधी काढायचा, जात पडताळणीचं प्रकरण कुठे अडतं, मुलाखतीला कसं बसायचं, हे काही घरांत पोरांना जेवताना कानावर पडून कळतं. पहिल्यांदाच शिकणाऱ्या घरातल्या मुलाला त्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी चार हेलपाटे घालावे लागतात आणि कोणाला विचारायचं हेही विचारावं लागतं. सचिन तेंडुलकरइतका सराव त्याच्या वयात कोणी केला असेल असं मला वाटत नाही. पण वांद्र्याहून रोज दादरला ये-जा करण्यात जीव दमू नये म्हणून शिवाजी पार्कजवळ काका-काकूंचं घर होतं, आचरेकर सरांकडे घेऊन जाणारा थोरला भाऊ होता, आणि बिनपैशाचं मोकळं मैदान होतं. यातल्या एकाही गोष्टीनं त्याची बॅट हलवली नाही. पण बॅट तासन्‌तास हलवत राहता आली ती या सगळ्यामुळे.

आता मेहनतीच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा घेऊ. ज्याला वारशात अपमानाशिवाय काही मिळालं नाही आणि ज्याच्या अभ्यासापुढे आजही मान झुकते, तो माणूस म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ‘त्यांना कोणी काय दिलं होतं? मग तुम्हाला कशाला हवं?’ हा प्रश्न आरक्षणाच्या प्रत्येक वादात कोणीतरी फेकतंच. उत्तर चरित्रातच आहे. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. आजोळही सुभेदारांचं. गावच्या शाळेची दारं बंद असताना पलटणीच्या शाळेनं या घरात आधीच अक्षर आणलं होतं. परळच्या चाळीतल्या एका खोलीत वडील रात्री जागत आणि दोन वाजता मुलाला अभ्यासाला उठवत. दोघांनाही शिकवणं झेपेना, तेव्हा थोरले भाऊ आनंदराव यांनी शाळा सोडून नोकरी धरली. नवी पुस्तकं हवी असली की रामजी मुंबईत दिलेल्या लेकींकडे जात, पैसे नसले तर लेकीचा दागिना घेऊन गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवत. कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी हा मुलगा हेरला आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत पोचवला. महाराजांनी आधी कॉलेजसाठी दरमहा पंचवीस रुपये दिले, मग १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड. पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा आधार मिळाला.

यातली कुठलीही गोष्ट बाबासाहेबांची उंची एका इंचानं कमी करत नाही. इतर कितीतरी जणांना शिष्यवृत्त्या मिळाल्या, त्यातून आंबेडकर एकच झाले. मेहनत आणि प्रतिभा नसती तर साडेअकरा पौंडांचं काही झालं नसतं. पण ते पौंड नसते तर? तेवढ्याच बुद्धीची किती मुलं त्याच सुमारास परळच्या गिरण्यांत बदली कामगार म्हणून उभी होती, याची नोंद कोणाकडे नाही. यशाची चरित्रं लिहिली जातात. न मिळालेल्या साडेअकरा पौंडांची लिहिली जात नाहीत.

आणि पुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘मी माझ्या हिमतीवर मोठा झालो’ असं म्हणण्याचा या देशात कोणाला अधिकार असेल, तर तो बाबासाहेबांना होता. त्यांनी काय केलं? १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद. ज्यांच्या घरात पुंजी नव्हती त्यांच्यासाठी त्यांनी सार्वजनिक पुंजी उभी केली. स्वतःच्या यशाचा त्यांनी काढलेला अर्थ हा होता. त्यांचं नाव घेऊन दुसऱ्याला ‘फक्त मेहनत कर’ असं सांगणाऱ्यांनी निदान त्यांचं काम तरी पाहावं.

लेकींच्या दागिन्यांवरून आठवलं. आपल्याकडे भावांच्या यशामागे बहिणींची पुंजी असते आणि तिचा कागदही असतो. महाराष्ट्रात १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क मिळाला. देशभर तो २००५ मध्ये आला. त्यानंतर तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयांत हक्कसोडपत्रांचा रतीब काही थांबला नाही. साडी-चोळी घ्यायची, ‘माहेर तुटायला नको’ म्हणायचं आणि सही करायची. शेतात खुरपं चालवलं तिनं, उतारा निघाला भावाच्या नावानं, त्या जमिनीवर कर्ज काढून ट्रॅक्टर आला. पुढे गावात भावाचा ‘प्रगतिशील शेतकरी’ म्हणून सत्कार. मेहनत त्यानंही केलीच. पण ट्रॅक्टरची मूळ पुंजी शोधायला कोर्ट बसलंच, तर बहिणीची सही सापडेल.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. एकाच घरात, एकाच ताटात जेवलेले दोन भाऊ. एक कुठल्या कुठे जातो, दुसरा पारावर पत्ते कुटत बसतो. वारसा सारखा, मग फरक कशाचा? फरक कष्टांचा, स्वभावाचा, कधी नुसत्या नशिबाचा. हे मान्य करायला हवं. पैसेवाल्यांची पोरं वाया जातात हेही रोज दिसतं. आणि त्याहून गंभीर मुद्दा: झोपडीतल्या मुलीला ‘सगळं जन्मावर ठरलेलं आहे’ असं सांगणं म्हणजे तिच्या हातचं एकुलतं हत्यार काढून घेणं. मी तिला ते कधीही सांगणार नाही. तिला मी हेच सांगेन की बाई, पहाटे ऊठ आणि अभ्यास कर. पण तिला सांगायची गोष्ट आणि सरकारला सांगायची गोष्ट एक नसते. आपण नेमकी उलटापालट केली आहे. गरिबाच्या पोरीला व्यवस्थेचे नियम समजावतो आणि व्यवस्था चालवणाऱ्यांसमोर जिद्दीवर व्याख्यानं ठेवतो.

केवळ कष्टांनीच माणूस वर येत असता, तर बीड, पाथर्डी, आष्टीचे ऊसतोड मजूर केव्हाच वर आले असते. दिवाळीच्या आसपास बिऱ्हाड गाडीत घालून ते पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परतणं नाही. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. दोन माणसं, हिशेबात एक. पहाटेच्या थंडीत फड सुरू होतो, रात्री गाडी भरून झाली की दिवस संपतो. पोरांचं दुसरं सत्र पाचटात जातं. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, गावात मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली. जिथे ती नीट चालली तिथे मुलं टिकली. त्या मुलांत जिद्द कुणी नव्यानं ओतली नव्हती. रात्री निजायला गावात जागा आणि दोन वेळचं जेवण मिळालं होतं.

वारशाला उत्तर म्हणून वारसा नष्ट करता येत नाही. आई-बाप पोरांसाठी करणारच. मग ज्यांना घरून मिळत नाही, त्यांना गावानं, समाजानं, राज्यानं द्यायचं, हा विचार महाराष्ट्राला बाहेरून आणावा लागलेला नाही. जोतिराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सरकारचाच हिशेब मांडला होता: महसूल येतो कष्टकरी रयतेकडून आणि शिक्षणाचा खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. मूळ पुंजी कोणाची, हाच तो प्रश्न. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातिजातींची बोर्डिंगं उभी केली, १९०२ मध्ये नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासांसाठी राखल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने मोडले, मंगळसूत्रही गेलं. ‘कमवा आणि शिका’ ही स्वावलंबनाची घोषणा म्हणून आपण भिंतींवर रंगवतो. पण कमवायला शेत, विहीर आणि भटारखाना संस्थेनं आधी पुढ्यात ठेवला होता, हे विसरतो. १९५९ मध्ये आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांची फी माफ झाली आणि ‘ईबीसी’ हे तीन अक्षरांचं नाव खेड्यापाड्यांत पोचलं.

त्याच काळातल्या कुस्तीचं एक उदाहरण मला राहवत नाही म्हणून सांगतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकून आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडावं लागलं. चार वर्षं आधी लंडनला जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला होता. हेलसिंकीच्या वेळी गावानं वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर सात हजारांना गहाण ठेवलं. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावून ते घर सोडवून दिलं असं सांगतात. ताकद खाशाबांची, डाव त्यांचे, पदक त्यांचं. तरी सात हजार कोणाचे होते हे ते विसरले नाहीत.

विसरलो ते आपण. साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांत नाममात्र फीवर सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजांतून, पवईच्या आयआयटीतून शिकून निघालेली एक पिढी आज पुण्यात, बंगळुरात, न्यू जर्सीत सुखात आहे. तिच्या पदवीत राज्याच्या तिजोरीचा, म्हणजे न शिकलेल्यांच्याही कराचा, मोठा हिस्सा आहे. याच पिढीच्या व्हॉट्सॲप गटांवर ‘आम्ही सगळं मेरिटवर मिळवलं’ हे वाक्य सर्वांत जास्त फिरतं. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदान महाविद्यालयांना दार उघडलं. जागा वाढल्या, हे खरं. पण मूळ पुंजीचा प्रश्न पुन्हा घराच्या दारात आणून ठेवला गेला: ज्याचे वडील भरतील तो शिकेल. चारच वर्षांत, १९८७ मध्ये, देणग्यांविरुद्ध कायदा करावा लागला यावरून काय ते समजावं.

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या २०१८ च्या अहवालात एक अंदाज आहे. तळाच्या उत्पन्नगटातल्या कुटुंबाच्या वंशजांना देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत पोचायला डेन्मार्कमध्ये दोन पिढ्या लागतात, भारतात सात. सात पिढ्या बसून खातील इतकं कमवावं, असं आपल्याकडे म्हणतात. दुसऱ्या टोकाला सात पिढ्या नुसत्या चढतच असतात. डॅनिश माणूस आपल्यापेक्षा साडेतीनपट कष्टाळू आहे, असं तर कोणी म्हणणार नाही ना?

तेव्हा माझा निकाल असा. यशाची मिळकत शिकणाऱ्याचीच असावी. जयकरांचा कायदा राहू द्या, आळशी भावाला हिस्सा नको. पण मूळ पुंजी ज्यांनी दिली त्यांचं देणं कायम आहे, आणि ते फेडायचं ठिकाण म्हणजे पुढच्या मुलांची वसतिगृहं, शिष्यवृत्त्या आणि सरकारी शाळा. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत तिची रक्कम वर्षाला साठ हजार, म्हणजे महिन्याला पाच हजार. सदाशिव पेठेतल्या खर्चाच्या ती निम्म्यावर भरते. तीही वेळेवर येत नाही म्हणून मुलांना समाजकल्याण कार्यालयासमोर बसावं लागतं, हे दर एक-दोन वर्षांनी पेपरात असतं.

येत्या हंगामात तुम्हाला गुणवंतांच्या सत्काराचं निमंत्रण येईल. जरूर जा, टाळ्या वाजवा, मुलांच्या पाठीवर हात ठेवा. मग व्यासपीठावर बसलेल्या मंत्र्यांना उभं राहून विचारा: जिल्ह्यातल्या सरकारी वसतिगृहांत जागा किती, अर्ज किती आले, आणि गेल्या वर्षीचा स्वाधारचा हप्ता मुलांच्या खात्यात कोणत्या महिन्यात जमा झाला?